अकरा जणींची कात्री

हातमोज्याचा अंगठा वेगळा कापतात आणि सगळ्यात आधी शिवतात. बाकीची बोटं दोन तुकडे समोरासमोर ठेवून एका दमात शिवून होतात, त्यात मोठं कसब नाही. अंगठा मात्र तळव्यातून तिरका निघतो. माणूस मूठ वळतो तेव्हा सगळा ताण अंगठ्याच्या मुळाशी येतो, आणि तिथली शिवण सुटली की मोजा संपला. मुलुंडला आमची संस्था होती ती हेच मोजे शिवायची. थंडीत घालायचे नाहीत. कारखान्यात पत्रा, सळया, तापलेली भांडी उचलणारी माणसं घालतात ते, जाड सुती कापडाचे.

या अंकाचं काम बघणारी मुलगी मला म्हणाली, आजी, महिला उद्योजक म्हणून चार शब्द लिहा. मी तिला म्हटलं, मी चौथी शिकलेय, लिहिता येतं मला, पण मी उद्योजक नव्हते. उद्योजक पुष्पा होती. मी अध्यक्ष होते. दोन्हींत फरक काय ते मला एका आठवड्यात कळलं. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट आहे, त्या आठवड्याचीच सांगते.

आधी आम्ही एका शेठकडे काम करायचो. त्याचा कटिंगमास्तर कापून द्यायचा, आम्ही घरी नेऊन आपापल्या मशीनवर शिवायचो. हा मास्तर ज्या बाईवर खूश असेल तिला नीट कापलेला माल द्यायचा. जिच्यावर रागावला असेल तिला वेडेवाकडे तुकडे. मग तिचा माल परत यायचा आणि मजुरी कापली जायची. कात्री ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं, हे आम्ही तिथे शिकलो. पुढे एक दिवस सकाळी गेलो तर गाळ्याला कुलूप. शेठ धंदा गुंडाळून गेला होता. आम्हाला सांगायचंही त्याला सुचलं नाही.

गिऱ्हाईकं मात्र मागे राहिली. छोटी वर्कशॉप होती आग्रा रोडला, त्यांना मोजे हवेच होते. मग आम्ही अकरा जणींनी मिळून सहकारी संस्था काढली. सगळ्या कोकणातल्या, एकाच डोंगरउतारावरच्या चाळींत राहणाऱ्या. प्रत्येकीचा भाग सारखा. कापड संस्थेचं, मशीन जिचं तिचं. चाळीच्या माडीवर टोकाची एक खोली भाड्याने घेतली, तिथे कापायचं आणि घरी शिवायचं. मला अध्यक्ष केलं, कारण मी मोठ्याने बोलते.

आणि पहिला नियम केला तो कात्रीचा. कात्री कोणा एकीच्या हातात राहणार नाही. दर महिन्याला नंबर बदलणार. जिचा नंबर असेल ती त्या महिन्यात कापणार. कापताना तिचं शिवणं बुडतं, म्हणून उरलेलं कातरण तिचं. तिने त्याच्या पिशव्या शिवाव्यात, गोधडीला लावावं, काय वाटेल ते करावं. हा नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटायचा. संस्था बघायला कोण आलं की आम्ही तो मुद्दाम सांगायचो.

आता कापडाचं एक सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. कापड आडवं ओढलं तर थोडं ताणतं. उभं ओढलं तर ताणत नाही. म्हणून मोज्याच्या आकाराचा पत्र्याचा फर्मा असतो, ज्याच्या कडेने कापतात, तो कापडावर उभाच ठेवायचा, म्हणजे घातल्यावर हाताच्या रुंदीला कापड थोडं सैल पडतं. फर्मा आडवा फिरवला तर मोजा दिसतो तसाच. पण मूठ वळली की कापड ढिम्म सरकत नाही आणि शिवण उसवते.

पुष्पा आमच्यात वयाने लहान होती. तिशीची असेल. नवरा बसमध्ये कंडक्टर, दोन मुलं, आणि पाय घरात ठरत नसत. आम्ही वर्कशॉपवाल्यांची वाट बघायचो, ती कारखान्यांच्या गेटवर जाऊन उभी राहायची. पत्र्याचे डबे करणारा एक मोठा कारखाना तिनेच धरला. आधी एक खेप घेऊ, चांगली निघाली तर वर्षाची ऑर्डर, असं तिथले खरेदीचे कामतसाहेब म्हणाले. ते बोलायला आम्ही दोघी गेलो.

"तुमच्यात मालक कोण?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्याच," मी म्हटलं.

"सगळ्याच म्हणजे?"

"अकरा जणी आहोत. संस्था आहे."

"अहो बाई, उद्या माल खराब आला तर मी अकरा जणींना ओरडत बसू का? एक नाव द्या मला."

"माझं लिहा, साहेब," पुष्पा म्हणाली.

मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. "लिहू नका. त्याला ठराव लागतो."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "मोज्यांना ठराव! बरं, ही खेप द्या. वर्षाचं मात्र मी एकाच माणसाशी बोलणार."

परत येताना आग्रा रोडवर पुष्पा लंगडायचं नाटक करत चालत होती.

"वैनी, पाय मोडलात माझा."

"मोडू दे. नाव लिहा म्हणे."

"मग काय चुकलं? अकरा मालकिणी म्हणजे एकही नाही. दोरा बदलायचा तर मीटिंग. कापड घ्यायचं तर मीटिंग. मंगलला उपास असला की मीटिंग पुढे. असा धंदा होतो काय?"

"मग कसा होतो?"

ती थांबली. नाटक संपलं होतं. "मी नावावर घेते. गाळासुद्धा बघून ठेवलाय. सगळ्यांना काम देते, नगावर मजुरी, रोजच्या रोज काम. कटकट नाही."

"आणि आम्ही?"

"तुम्ही शिवा."

हे तिने मला सांगायच्या आधी चौघी-पाचजणींना सांगून ठेवलं होतं, ते मला चाळीत पाऊल टाकल्यावर कळलं. नळावर, रॉकेलच्या रांगेत, तेच बोलणं. मंगल माझ्याच बाजूच्या खोलीतली, तिने तोंडावर सांगितलं, "वैनी, खरं सांगू? मला मालकीण नाही व्हायचं. मला महिन्याला ठरलेलं मिळालं तर पुरे." खोटं नव्हतं ते. येत्या रविवारी सभा घेऊन काय ते ठरवू, असं मी जाहीर केलं. कोणीतरी म्हणालं, टीव्हीवर सिनेमा लागायच्या आत उरका. म्हटलं, उरकू.

तो महिना शारदाच्या नंबरचा होता. शारदा माझ्याच वयाची. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, तो दिवसभर खाटेवर. कामतसाहेबांची खेप तिने कापली, बाकीच्यांनी शिवली. मी तेव्हा कापडवाल्याच्या मागे फिरत होते, शिवायला बसले नव्हते. माल गेला. रविवारला अजून अवकाश होता.

मंगळवारी कोपऱ्यावरचा वाणी दुकान सोडून वर आला. आमच्यासाठी फोन त्याच्याकडेच यायचे. तो कधी वर येत नसे, पोऱ्याच्या हाती निरोप धाडायचा.

"तावडेबाई, डब्याच्या कारखान्यातनं फोन होता. आत्ताच्या आत्ता या म्हणाले. आवाज बरा नव्हता."

मी पुष्पाला हाक मारली. दोघी तशाच निघालो.

कामतसाहेबांच्या टेबलाशेजारी आमच्या मोज्यांचा ढीग होता. अंगठ्याच्या मुळाशी उसवलेले. एक नाही, दोन नाही, वरवर चाळले तरी बहुतेक तसेच. साहेब ओरडतील म्हणून मी तयारीने गेले होते. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. त्यांनी शिपायाला सांगून एका कामगाराला आत बोलावलं. उंच, काळा, चाळिशीचा माणूस. उजवा हात अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला.

"सांग यांना," साहेब म्हणाले.

"काय सांगू?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मोजा नसता ना बाई, तर पत्रा मी जपून धरला असता. मोजा होता म्हणून घट्ट धरला."

मी ढिगातला एक मोजा घेऊन उलटा केला. आडवा ओढला. कापड जराही ताणलं नाही. मी पुष्पाकडे बघितलं, तिला माझ्या आधीच कळलं होतं. तिने तोंड उघडलं.

"कोणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

"संस्थेने," मी पुष्पाच्या आधी बोलले.

"संस्था म्हणजे कोण हो? हा हात मी कोणाला दाखवू?"

"मला दाखवलात ना."

साहेबांनी कामगाराला परत पाठवलं. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत सगळी खेप नवीन करून द्या, तुमच्या कापडात. जमत नसेल तर गेटवर परत येऊ नका. आणि आजूबाजूच्या कारखान्यांत मला कोणी विचारलं, तर जे झालं ते मी सांगणार."

म्हणजे एवढंच गिऱ्हाईक जाणार नव्हतं. आग्रा रोडवरची सगळीच जाणार होती.

मी तशीच शारदाच्या दारात गेले. ती तांदूळ धुवत होती.

"शारदा, फर्मा फिरवलास तू?"

तिने मान वर केली नाही. "कोणी सांगितलं?"

"फिरवलास की नाही गो?"

"फिरवला."

"कशाला?"

"आडवा ठेवला की कडेला सलग पट्टी निघते. पिशव्या होतात तिच्या. वाणी घेतो." मग मान वर केली. "आपलंच कापड ना? चोरी केलीय काय मी? कातरण माझंच होतं."

"एका माणसाचा हात कापलाय."

पातेलं तिच्या हातातच राहिलं. खाटेवरचा नवरा उठून बसला. मी म्हटलं, हात पूस आणि खोलीवर ये.

रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. सभेला आधी नोटीस लागते, पण त्या दुपारी ती कोणी मागितली नाही. सगळ्या होत्या तशा आल्या. एकीच्या हाताला पीठ होतं. कात्री मधोमध टेबलावर होती. फाटके मोजे मी कात्रीशेजारी ओतले आणि झालं ते सांगितलं.

मग मी विचारलं, "शिवताना कोणालाच कळलं नाही?"

मंगल पुटपुटली, "सुईला लागत होतं. कापड वळत नव्हतं अंगठ्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे."

आणि ती एकटी नव्हती. एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, सगळ्यांना कळलेलं होतं. प्रत्येक सुईला लागलं होतं. आणि प्रत्येकीने विचार केला होता की आज मी हिच्या कापण्यात तोंड घातलं तर उद्या माझ्या नंबरला ही तोंड घालील. कातरणावर आपला हक्क आहे, तिचाही असू दे. कटिंगमास्तर नको म्हणून नियम केला, आणि त्या नियमाने आमची दातखीळ बसली.

पुष्पा उभी राहिली. "हेच सांगत होते मी. आता उघड बोलते. हा माल शनिवारपर्यंत कापून होईल एवढा हात इथे माझा एकटीचाच चालतो, सगळ्यांना ठाऊक आहे. कापते. पण महिन्यापुरती कात्री नको मला. काम माझ्या नावावर करा, जबाबदारी माझी. चुकलं तर साहेबांच्या शिव्या मी खाईन. चुकवलंत तर माझ्या तुम्ही खायच्या. संस्था बंद करा. हात वर करा, आत्ता."

"अशा वेळी गळा धरतेस?" कोणीतरी म्हणालं.

"गळा मी नाही धरला. त्या माणसाचा हात मी नाही कापला."

शारदा भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे सगळ्यांनी बघितलं, पुष्पानेसुद्धा. पुष्पाला त्याचं वाईट वाटलं असावं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

हात मोजले. पुष्पाच्या बाजूने ती स्वतः, मंगल, आणखी दोघी. आणि मग शारदाने हात वर केला.

"तू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो. मला कोणी अडवणारं असतं तर मी फर्मा फिरवला नसता. माझा नंबर म्हणून मला कोणी अडवलं नाही." तिचा हात वरच होता.

पाच झाले. विरुद्ध बाजूने पाच. आमच्यात अध्यक्ष आधी मत देत नसे, मतं समसमान झाली तरच. आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खाली चाळीत कोणाचं तरी मूल रडत होतं आणि त्याची आई इथे हात वर करून बसली होती, तीही हलली नाही.

पुष्पा म्हणत होती त्यातलं निम्मं बरोबर होतं, हे मला त्या क्षणीही दिसत होतं. नको म्हटलं आणि ती कात्रीला हात न लावता निघून गेली, तर शनिवारी आम्ही गेलोच. हो म्हटलं तर काम वाचत होतं, आणि आम्ही परत शेठकडे होतो तिथे जात होतो. फक्त शेठ आमच्यातलीच. ती चांगली मालकीण झाली असती की वाईट, त्यावर मी विचार केला नाही. मालकाला जायचं असलं की तो जातो आणि आपण कुलपासमोर उभ्या राहतो. मला ते कुलूप परत बघायचं नव्हतं.

"माझं मत विरुद्ध," मी म्हटलं. "संस्था राहील."

पुष्पाचं तोंड लाल झालं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी कात्रीकडे बघत होते. ती आता जिन्याकडे वळणार असंच मला वाटलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता सरका बाजूला. कापडाचा तागा काढा. शनिवारी माल द्यायचाय ना?"

तिने का कापलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. साहेबांना पहिला शब्द तिने दिला होता, म्हणून असेल. ती कापत राहिली ते शुक्रवारपर्यंत. कापडाचे थर एकावर एक पसरले की दुसऱ्या टोकाला कोणीतरी घट्ट धरावं लागतं. शारदा येऊन उभी राहिली.

"तुम्ही राहू द्या, शारदाताई," पुष्पा म्हणाली.

"सैल सुटलं तर थर सरकतो. काप तू."

त्या दोघींत इतकंच बोलणं झालं. बाकीच्या आम्ही शिवत होतो. एकेक मोजा उलटून घालून मूठ वळून बघत होतो. कोणाच्या चुली पेटल्या, कोणाच्या नाही. शनिवारी माल कारखान्यात पोचला. कामतसाहेबांनी मूठभर मोजे काढले, त्या जखमी माणसाला बोलावलं आणि डाव्या हातात घालून बघायला सांगितलं. त्याने मूठ वळली. मान हलवली. साहेबांनी खेप ठेवून घेतली.

वर्षाची ऑर्डर मात्र त्यांनी पुष्पाला दिली, तिच्या नावावर. तिने गाळा घेतला आणि मंगलसकट तिघी तिच्याकडे गेल्या. शारदाही विचारायला गेली होती. शेवटी हात तिच्यासाठीच वर केला होता ना. पुष्पाने तिला चहा दिला आणि सांगितलं, "तुमचं नको, शारदाताई. मला परवडणार नाही."

शारदा परत आली आणि खोलीत येऊन बसली. एकजण कुजबुजली, हिला कशाला ठेवायची? मी म्हटलं, ठेवणारी तू कोण? तिचा भाग तुझ्याइतकाच आहे. पुष्पा नको म्हणू शकत होती. आम्हाला तशी सोय नव्हती.

कातरण संस्थेकडे जमा करायचं आणि कापण्याची मजुरी द्यायची, असा ठराव केला. कात्रीच्या नंबरचा नियम मात्र ठराव करून मोडला नाही. त्या महिन्यानंतर कात्रीला हात लावायला कोणी तयार होईना, एवढंच. शारदा कापायला लागली. आधी इतकं जपून की कापड वाया जायचं. मग हात बसला.

आम्ही मोठ्या झालो नाही, हे लिहायला पाहिजे. छोटी वर्कशॉपच राहिली. मोठी कामं आली तेव्हा आमची सभा होईपर्यंत ती दुसरीकडे गेली, आणि तेव्हा मला पुष्पाची आठवण यायची, रागाने आणि बिनरागानेही. तिचा गाळा वाढला. मंदी आली तेव्हा तिने दोघींना घरी बसवलं. त्या आमच्याकडे परत आल्या. त्याचा दोष मी तिला देत नाही, भाडं तिला एकटीला भरायचं होतं.

एकदा सहकार खात्याचा माणूस येऊन सांगून गेला की सभासद दहाच्या खाली गेले तर संस्था चालणार नाही. पुष्पाकडे गेलेल्या तिघींतली परत न आलेली राजीनामा देऊन बसली होती, म्हणजे पुष्पाला धरून आम्ही बरोबर दहा उरलो होतो. मी पुष्पाच्या गाळ्यावर गेले. ती कोणाला तरी झापत होती. मला बघून थांबली.

"राजीनामा देणार आहेस काय?" मी विचारलं.

"दिलाय का अजून?"

"नाही."

"मग? सभेची नोटीस पाठवा. न कळवता सभा घेतलीत तर तक्रार करीन."

आणि वार्षिक सभेला ती खरंच आली, रिक्षातून. मागे बसली. मी हिशेब वाचत होते तर मध्येच, "कापड एवढ्या भावाने कोणी घेतलं?" एक जण फणकारली, "बाहेर दुकान मांडायचं आणि वर आम्हालाच विचारायचं." पुष्पा म्हणाली, "भाग आहे माझा. विचारणार." तेही बरोबर होतं, मी भाव सांगितला. मग तिने उठून ढिगातला एक मोजा घातला, मूठ वळली, सोडली, परत वळली.

"कापतं कोण?"

"शारदा," मी म्हटलं.

"अजून हिचाच नंबर?"

सगळ्या हसल्या. शारदा हसली नाही. टेबलावरचं कातरण गोळा करता करता म्हणाली, "तुझ्याकडे कोण कापतं गो?"

"ठेवलाय एक मास्तर. चांगला आहे."

"कातरण कोण नेतं?"

"तोच नेतो. कातरण काय करायचंय मला?"

"मग फर्मा उभा ठेवतो की आडवा, ते बघ जाऊन," शारदा म्हणाली.

पुष्पाने हातातला मोजा काढून ढिगावर ठेवला. चहा सांगितलेला होता, तो यायच्या आत ती उठली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज आला, आणि मग खाली रिक्षावाल्याला हाक मारल्याचा.